सुभेदारांचं तेल

आमच्या जुन्या क्लबातलं कुणी भेटलं की थोड्या वेळात सुभेदारांचं कौतुक सुरू होतं. काय माणूस आहे, काय नजर आहे, नुसता कागद बघून घरातलं सांगतो! मी तेवढ्यात उठते आणि काहीतरी काम काढते. कौतुकात तसं खोटं काही नसतं. पण माझ्याकडे या माणसाबद्दलचा राग आहे, तो खरा आहे, आणि तो मला असा चहाबिस्किटाबरोबर संपवायचा नाही. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

सुभेदार सैन्यात कधीच नव्हते. साताऱ्याकडचं गाव, घरटी एक माणूस पलटणीत. हे मात्र भरतीला गेले आणि छाती कमी भरली म्हणून परत आले. मग मुंबई, मग वाशीचं मार्केट, आणि कांदा-बटाट्याच्या आवारात बारदानाचा धंदा. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवायची, परत विकायची. धंदा चांगला चालला. पण बंदूक डोक्यातून गेली नाही, म्हणून त्यांनी गाळ्यावरच्या लांबलचक पोटमाळ्यावर एअर रायफलचा क्लब काढला. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांवर टाचलेले कागद. खालून कांद्याचा वास आणि हमालांची हाकाटी. कुणीतरी थट्टेत सुभेदार म्हणालं आणि ते त्यांनी इतक्या गंभीरपणे घेतलं, की पुढे त्यांचं खरं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांची पहिली भक्ती तेलावर. खाडीची हवा लोखंड खाते, हे त्यांचं रोजचं बोलणं. कानात घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ते मशिनचं तेल भरून ठेवत आणि शर्टाच्या खिशात एक बाटली कायम असे. बिजागरी दिसली, घाल थेंब. पंखा कुरकुरला, घाल थेंब. एकदा एका बटाट्याच्या अडत्याचा चष्मा त्यांनी बोलता बोलता काढून घेतला आणि त्याच्या दोन्ही काड्यांच्या सांध्यांत तेल सोडलं. तो बिचारा दिवसभर तेलकट कानशिलं पुसत हिंडला. आम्ही पोट धरून हसलो होतो. हसण्यासारखं खूप होतं त्या माणसात, हे मी नाकारत नाही.

बंदुका आम्ही आपापल्या पैशांनी घेतलेल्या, पण राहायच्या त्यांच्या कपाटात. "तुमच्या सोसायटीत ठेवशीला आन् गंजून आनशीला," असं म्हणून ते चावी कमरेला लावत. स्क्रू पिळायचे अ‍ॅलन पाने त्यांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, तुळशीच्या माळेशेजारी. स्क्रूला हात लावायचा नाही हा पहिला नियम. दुसरा नियम असा की नेम चुकला तर बंदुकीला किंवा तिच्यावरच्या दुर्बिणीला, म्हणजे स्कोपला, नाव ठेवायचं नाही. "स्कोप सरकला" हे दोन शब्द कुणाच्या तोंडून आले की त्याला त्या दिवशी झाडू मिळे आणि खालून उडून आलेली कांद्याची सगळी फोलपटं त्याने गोळा करायची.

"सरकतो तो मानूस. स्कोप कशापायी सरकंल? त्येला काय पाय हायत?"

आणि मग ते कागद वाचत. हे त्यांचं खरं वेड. नेम मारून झाला की कागद घेऊन ते ट्यूबलाइटखाली जायचे, भोकांतून उजेड येईल असा धरायचे आणि बघत राहायचे. भोकं खाली घरंगळली तर झोप नाही. डावीकडे गेली तर घरात भांडण. इकडेतिकडे पसरली तर पोटात गोम आहे, काहीतरी लपवतोयस. "कागुद खोटं बोलत न्हाई." त्या चष्मेवाल्या अडत्याला ते एकदा म्हणाले, "पोरीचं जमवताय न्हवं? मनासारकं न्हाई स्थळ." अडता खालीच बसला. आता मार्केटमधल्या पन्नाशीच्या माणसाच्या घरी पोरीचं लग्न निघालेलं असणार, हे सांगायला कागद कशाला लागतो? पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येत नसे. माझ्याही आलं नाही.

माझा पहिला कागद वाचून ते म्हणाले होते, "तू वाट बघायची सवय लागल्याली बाई हायस. कुनाच्यातरी उशाला लई बसलीयस." मी तिथेच रडले. माझे वडील कंपवाताने गेले. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, मग हात, मग मान. बटण लावणं, घास उचलणं, सही करणं, एकेक करून सगळं गेलं आणि आई आणि मी ते जाताना पाहत बसलो. ज्या माणसाने न सांगता हे ओळखलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवला. माझी चूक नव्हती ती. विश्वास ठेवावा असंच ते बोलत.

मी रक्त घेते. खांदेश्वरला एका लॅबमध्ये आहे. तान्ह्या बाळाची शीर शोधायची असली की डॉक्टर मलाच हाक मारतात. हात हीच माझी कमाई आणि खरं सांगायचं तर हाच माझा तोरा. म्हणून तर बंदुकीकडे वळले. श्वास सोडायचा, हात थांबवायचा आणि बोट हलवायचं, हे मला रोजचंच होतं. त्या पावसाळ्यात मी स्वतःची बंदूक घेतली, स्प्रिंगची, सगळ्या क्लबात जोराची. तिच्यावर चांगला स्कोप बसवला. माझे छरे एका बोराएवढ्या जागेत जायचे आणि करावेचा दादूस, जो आधी क्लबात पहिला असायचा, तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "ताय, तू आमचे पोटावर पाय देतस!"

मग खंडेनवमी आली. क्लबाचा तो सगळ्यांत मोठा दिवस. झेंडूच्या माळा, पोत्यांच्या उतरंडीवर ओळीने मांडलेल्या बंदुका, शिऱ्याचा वास. सुभेदार आदल्या दिवशी एकटे बसून शस्त्रांना तेल पाजत. पाजत हा त्यांचाच शब्द. पूजा झाली, प्रत्येकाने देवाच्या नावाने पाच छरे मारले, शिरा खाऊन आम्ही घरी गेलो.

त्यानंतर माझे छरे विसकटले.

पहिल्या आठवड्यात वाटलं, होतं असं. सुभेदार म्हणाले, दसऱ्यानंतर सगळ्यांचेच हात बिघडतात, सुट्टी बाधते. बाकीच्यांचे थोडे बिघडले होते, माझे फार. नेम लावून घ्यावा, चार छरे बरे जावेत आणि पुन्हा कुठेतरी भलतीकडे. स्कोपमधून बघताना कडेने काळी सावली येऊ लागली. मान मागे घेतली की जायची. मी ते डोळ्यांच्या खात्यावर टाकलं. शेवटी एक दिवस धीर करून विचारलं, "सुभेदार, स्कोप तर हलत नसेल?"

मला झाडू मिळाला. मी गुपचूप फोलपटं गोळा केली.

झाडून झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. हातात माझा कागद होता. आवाज खाली आणून, अगदी मायेने त्यांनी विचारलं, "पोरी, घरात कुनाला हातपाय कापायचा आजार हुता का गं?"

मी म्हटलं, "वडलांना."

"हं." मग कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या मुठीत ठेवली. "कागदात दिसतंय. दाखवून घे कुनालातरी. घाबरू नगंस."

घाबरू नगंस! आजही हे लिहिताना माझ्या कानशिलाची शीर उडते. अरे, तू कोण? बारदान शिवणारा माणूस, तू माझ्या वडलांचा आजार माझ्या हातात कसा ठेवतोस?

पण हे आज सुचतं. त्या दिवशी मी पाण्याची बाटली उघडताना स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो हलला. ज्याने कधी असं पाहिलं असेल त्यालाच कळेल. आपल्या हाताकडे टक लावून पाहिलं की तो हलतोच. वाशीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटं नाचवायला लावली, चालायला लावलं, लिहायला लावलं आणि म्हणाले, "आत्ता तरी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी या." मी घरी आले ती फक्त "आत्ता" हा शब्द घेऊन.

लॅबमध्ये एका लहान मुलीची शीर चुकली. रोज दोनतीन जणांची कुणाकडूनही चुकते. पण त्या क्षणी मी शिरेकडे बघतच नव्हते, माझ्या अंगठ्याकडे बघत होते. मुलगी किंचाळली. मी सुई ठेवली आणि डॉक्टरांना सांगितलं की मला काउंटरवर बसवा. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, मी पाठदुखीचं खोटं सांगितलं. पुढचे कितीतरी महिने मी पावत्या फाडत बसले. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची सवय लागली. आई समोर बसून त्या कपाकडे बघायची. मी तिला काही सांगितलं नाही. नवऱ्यासाठी तिने एवढं काढलं, आता पुन्हा हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

क्लबात जाणं मी सोडलं. अधूनमधून सुभेदारांचा फोन यायचा, तब्येत विचारायला. खास माझ्यासाठी त्यांनी गावच्या देवाला नारळ फोडला होता. लोक म्हणतात ना, मनाने चांगला माणूस. होता की! मला आजारी ठरवून माझ्यासाठी नवस बोलण्याइतका चांगला होता.

पुढच्या खंडेनवमीला दादूस बोलवायला घरापर्यंत आला म्हणून मी गेले. मारायचं नाही, नमस्कार करायचा आणि यायचं, असं ठरवून गेले. माझी बंदूक बाकीच्यांच्या शेजारी मांडलेली होती, तेलाने नुसती ओथंबलेली. सुभेदारांनी प्रत्येक बंदुकीवर कुंकू लावलं होतं, त्यांच्या पद्धतीने. बोटाने एकच लांब ओढ, स्कोप धरणाऱ्या कडीपासून खाली बंदुकीच्या पाठीपर्यंत. मी हात जोडले आणि वळले, तर त्यांनी बंदूक उचलून माझ्या हातात दिली.

"पाच छरं देवाचं. देवाला न्हाई म्हनू नगंस. हात कापला तर कापला, हितं आपलीच मान्सं हायत."

सगळे माझ्याकडे कीव करून बघत होते. म्हणजे सगळ्या क्लबाला सांगून झालं होतं.

मी मारले. कागदाकडे बघितलंही नाही. बंदूक खाली ठेवताना नजर कुंकवावर गेली. रेघ तुटली होती. अर्धी वर कडीवर, अर्धी खाली पाठीवर, आणि मधे तेलाने चमकणारं उघडं लोखंड. वरचा तुकडा माझ्याकडे, मागे आला होता.

मी पुन्हा छरा भरला आणि मारला. पुन्हा मारला. फट वाढली.

स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात हे मला नंतर नीट समजलं. आधी ती खांद्यावर मागे येते आणि लगेच आतला दट्ट्या पुढे जाऊन आपटला की पुढे हिसका मारते. त्या हिसक्याला बंदूक पुढे जाते आणि वरचा स्कोप सैल असेल तर जागीच राहतो. म्हणजे दर छऱ्याला केसभर मागे. त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण दोन तुकडे झालेली रेघ समजायला काय लागतं? माझा हात नव्हता. वर्षभर माझा हात नव्हता.

"सुभेदार," मी म्हटलं, "हे बघा."

ते आले. वाकून बघितलं. त्यांनी ते पाहिलं, कारण त्यांचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. आणि मग त्यांनी अंगठ्याने कुंकू पुसून टाकलं.

जो माणूस बंदुकीला पाय लागला तर दहा वेळा पाया पडायला लावायचा, त्याने पूजेच्या दिवशी शस्त्रावरचं कुंकू आपल्या हाताने पुसलं होतं.

"देवाच्या कुंकवाला मोजपट्टी लावतीस व्हय?" ते म्हणाले.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "पाना द्या." त्यांनी गळ्यातला दोरा मुठीत धरला. मी म्हटलं, "बंदूक माझी, स्कोप माझा, हात माझा. पाना द्या!" ते मागे सरकले. माझं पुढे काय झालं असतं देव जाणे, पण दादूस मधे पडला. "ताय, माजे गारीन हाय पाना. थांब, आनतंय." तो धावत खाली गाडीकडे गेला.

पाना आला. मी स्कोप उतरवला. कड्यांच्या खाली, पाठीच्या खाचेत, सगळीकडे तेल. काजळासारखं काळं, बुळबुळीत. आणि मागच्या कडीच्या पोटात एक रिकामं भोक होतं. स्कोप घेतला तेव्हा तिथे एक छोटी पोलादी पिन होती. ती बंदुकीच्या पाठीवरच्या खळग्यात बसायची.

"इथली पिन कुठे आहे?"

"काढली म्या, गेल्या खंडेनवमीला. खरवडती ती. रंग गेला की गंज धरतो."

"ती कशासाठी असते माहीत आहे तुम्हाला?"

"त्यात म्हाईत असायचं काय? धक्क्याला अडवती." अगदी सरळ उत्तर दिलं त्यांनी. शाळेत विचारल्यासारखं.

मला त्यांचा सगळ्यांत जास्त राग आला तो इथे. न कळून केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांना पिन कशासाठी असते हे माहीत होतं, तेलाने लोखंड घसरतं हे माहीत होतं आणि माझे छरे कोणत्या दिवसापासून विसकटले हेही माहीत होतं. हे तीन धागे एकत्र करायला त्यांना फक्त स्वतःकडे बोट दाखवावं लागलं असतं. तेवढं त्यांना जमलं नाही. त्यापेक्षा माझ्या अंगात माझ्या बापाचा आजार असणं त्यांना सोपं गेलं. आणि सगळ्याच क्लबाच्या पिना त्यांनी वर्षानुवर्षं काढून ठेवलेल्या. म्हणजे ज्या कागदांवर ते लोकांच्या झोपा आणि भांडणं वाचत होते, ते कागद त्यांच्याच तेलाने लिहिलेले होते.

पिना खोबरेल तेलाच्या जुन्या डबीत होत्या, त्याही तेलात बुडवलेल्या. दादूसने डबी हिसकल्यासारखी घेतली आणि माझ्यापुढे धरली. माझ्या पर्समध्ये लॅबच्या स्पिरिटच्या पट्ट्या असतातच. एकेक फोडून मी खाच पुसली, कड्या आतून पुसल्या, स्कोपची नळी पुसली, शेवटची पट्टी पांढरी निघेपर्यंत. पिन खळग्यात बसवली. स्क्रू एक इकडचा थोडा, मग समोरचा थोडा, असे सारख्या जोराने आवळले. हे सगळं करताना माझा हात हलत नव्हता. मी रागाने आतून जळत होते आणि हात मात्र दगडासारखा होता.

नेम लावून घेतला, मग पाच छरे मारले. पाचही एका बोरात.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दादूसने शिट्टी मारली. सुभेदार चालत गेले, पोत्यावरून कागद काढला आणि सवयीने ट्यूबलाइटखाली धरला. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस दोन शब्द बोलेल.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "भ्या गेलं पोरीचं. म्या म्हनलं न्हवतं? आजार पळाला." आणि तो चष्मेवाला अडता, शहाणा माणूस, लाखांचे व्यवहार करणारा, त्याने हात जोडले!

मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. बंदूक पोत्यात गुंडाळून दादूसच्या गाडीत टाकली. परत त्या पोटमाळ्यावर पाय ठेवला नाही. सुभेदार अजूनही तिथे आहेत, अजून कागद वाचतात, आणि दादूस सांगतो की पिना पुन्हा डबीत गेल्या आहेत.

घरी पोचले तेव्हा आई उद्याच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं ताटात लावत बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कागद, डॉक्टर, काउंटर, कुंकू, तेल. सांगताना मला हसू येत होतं आणि शिव्याही. आई हसली नाही. माझा उजवा हात तिने मांडीवर घेतला, उलटासुलटा करून पाहिला, अंगठा दाबून पाहिला आणि खाली ठेवला.

मग ती उठून आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांचा शेवटचा पेला होता. चोचीचा, दोन्ही बाजूंना कान असलेला, सांडू नये म्हणून वर झाकण असलेला. बाबा गेल्यावर तो आम्ही पेटीत तळाशी टाकला होता.

"हा संक्रांतीलाच वर काढून ठेवला होता," आई म्हणाली. "तुला लागेल म्हणून."